मित्रासाठी झाकू रंगवतोय, त्याला दिसतील असे रंग कसे निवडू?

घाटमाथा | १२ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गंडम या जपानी ॲनिमे मालिकेतल्या यंत्रमानवांची प्लॅस्टिक किट जोडणारे इथे चार-पाच जण तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून इथेच विचारतो. प्रश्न रंगकामाचा आहे, पण नेहमीचा नाही.

माझा शाळेपासूनचा मित्र सप्टेंबरमध्ये नाशिकला स्वतःच्या घरात राहायला जातोय. वास्तुशांतीला त्याला हाताने रंगवलेला झाकू द्यायचा असं ठरवलंय. किट आणून ठेवलं आहे: मास्टर ग्रेड, १:१०० मापाचं, २.० आवृत्ती. उभं केलं की साधारण साडेसतरा सेंटिमीटर भरतं. ज्यांना झाकू माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. १९७९ साली जपानी दूरदर्शनवर गंडमची पहिली मालिका आली, त्यातल्या शत्रुपक्षाचा हा यंत्रमानव. एकच डोळा, डाव्या खांद्यावर काटे, उजव्या खांद्याला ढाल, तोंडाखालून मागे वळलेल्या जाड नळ्या. साधा सैनिक असेल तर हिरवा. त्यांच्यातल्या एका नावाजलेल्या योद्ध्याचा तेवढा लाल, आणि त्याच्या डोक्यावर एक शिंग.

अडचण इथेच सुरू होते. मित्राला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, जन्मापासून. त्याच्या कपाटात हिरवा आणि लाल असे दोन्ही झाकू शेजारी उभे आहेत आणि तो ते शिंगावरून ओळखतो.

किट जोडण्यात त्याचं काही अडत नाही. सुटे तुकडे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटींत अडकलेले येतात त्या प्रत्येक चौकटीवर अक्षर असतं, प्रत्येक तुकड्याला आकडा असतो, पुस्तिकेत नुसती चित्रं असतात आणि प्लॅस्टिक त्या त्या रंगातच ओतलेलं असतं. १९८० मध्ये बांडाई या जपानी खेळणी कंपनीने पहिलं किट ३०० येनला काढलं तेव्हा ते पांढऱ्या प्लॅस्टिकचं होतं, गोंदाने चिकटवायचं आणि वरून रंगवायचं. तेच चालू राहिलं असतं तर हा गडी या छंदात आलाच नसता. स्वतः रंगवायला मात्र तो कधी बसला नाही. म्हणतो, "बाटलीवरचं नाव वाचून मी रंगवीनही, पण झालंय कसं ते मला तूच सांगणार."

म्हणून हा एक झाकू मला त्याच्या डोळ्यांसाठी रंगवायचा आहे.

थोडी पार्श्वभूमी. तो भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढला. वडील इंजिन चालवायचे. त्यालाही तेच करायचं होतं. लेखी परीक्षा निघाली, मग वैद्यकीय तपासणीत रंग ओळखायची ठिपक्यांची पुस्तिका समोर आली आणि तिथे थांबलं. आता गणित शिकवतो, उत्तम शिकवतो. माझ्या मनात होतं की झाकूला इंजिनाचे रंग द्यावेत. लाल अंग, त्यावर क्रीम रंगाचा पट्टा. तुम्हाला काय वाटतं?

साहित्य: ०.३ मिमीचा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारा), छोटा कंप्रेसर, आणि ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरची एक गॅलरी.

खाडीपूल | १२ जुलै, रात्री ११:२५

कल्पना सुंदर आहे. पण मी असतो तर मूळ हिरवाच ठेवला असता. दोन हिरव्यांपैकी एक खूप फिकट आणि एक खूप गडद केला की उजेड-अंधाराचा फरक कोणालाही दिसतो. झाकू हिरवाच शोभतो, त्याला ओळख त्या रंगाने आहे. आणि जुलैत ठाण्यात लॅकर (भरभर उडणाऱ्या थिनरचा रंग) मारणार असाल तर आधी हवेतल्या ओलाव्याचा विचार करा. यावर नंतर सविस्तर लिहितो.

चैत्रपालवी | १३ जुलै, सकाळी ७:१०

मला किटमधलं काही कळत नाही, पण रेल्वेतलं कळतं. माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झाले आणि माझा धाकटा भाऊ याच तपासणीत, याच पुस्तिकेपाशी थांबला. म्हणून मनापासून लिहिते.

इंजिनाचे रंग नका देऊ.

नियम योग्यच आहे, सिग्नल ओळखणं हा हजार-दीड हजार माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो, भावानेही कधी त्याबद्दल तक्रार केली नाही. पण आजही तो पुलावर उभा राहून गाड्या बघतो तेव्हा इंजिन गेल्यावर बघतो. हे मला फार उशिरा लक्षात आलं. इंजिन येताना तो मोबाईलमध्ये असतो, डबे सुरू झाले की मान वर. तुमचा मित्र तसा नसेलही. पण नव्या घराच्या दिवाणखान्यात जी वस्तू रोज समोर राहणार, ती त्याला न मिळालेल्या खुर्चीची आठवण असावी का, एवढा विचार करा.

डब्यांचे रंग का नाही देत? डब्यात तर तो लहानपणभर बसलाय. पासवर आजोळी जाताना, परत येताना. ते जुने आयसीएफचे, म्हणजे चेन्नईच्या डबे-कारखान्याचे, डबे आठवा, गडद निळे आणि खिडक्यांच्या रांगेवर फिकट निळा पट्टा.

घाटमाथा | १३ जुलै, सकाळी ९:०५

चैत्रपालवीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इंजिन रद्द.

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आम्ही दोघं भुसावळ ते नाशिक कितीदा त्या निळ्या डब्यांतून आलो-गेलो. दाराशी बसून खाल्लेली केळी आठवतात. लाल रंग काढल्याने रंगांचा अर्धा प्रश्नही सुटला असं वाटतंय, की नाही?

काजवा | १३ जुलै, दुपारी १:३०

अर्धा सुटला, पूर्ण नाही. मी स्वतः लाल-हिरवा न दिसणाऱ्यांपैकी आहे, म्हणून आतून सांगतो.

पहिली गोष्ट, सगळे रंगांधळे सारखे नसतात. डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. कुणाच्या लाल टिपणाऱ्या पेशी नसतात किंवा वेगळ्या असतात, कुणाच्या हिरवा टिपणाऱ्या. दोघांनाही लाल-हिरवा गोंधळ होतो, पण पहिल्या प्रकारात लाल रंग काळवंडलेला दिसतो. मी त्या पहिल्या प्रकारातला. मित्राला न विचारता ओळखायचं असेल तर आठवून बघा, फळ्यावर तो कुठला मार्कर वापरतो? लाल मार्कर त्याला काळ्यासारखा दिसतो का?

दुसरी गोष्ट, खाडीपूल यांच्या सुचवणीबद्दल. दोन हिरवे, एक फिकट एक गडद, हे मला दिसेल, खरं आहे. पण काय दिसेल? फिकट मातकट आणि गडद मातकट. आयुष्यभर माझं अर्धं जग मातकट पिवळं आहे. कुणी मुद्दाम माझ्यासाठी काही रंगवत असेल तर मला रंग दिसू दे ना. निळा आणि पिवळा मला तुमच्याइतकेच लख्ख दिसतात. निळा माझा आवडता रंग आहे, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणांचा असतो.

तिसरी, किटच्या खोक्यावर किंवा भेटकार्डावर "खास तुझ्या डोळ्यांसाठी" वगैरे लिहू नका. त्याला दिसेल तेव्हा कळेल.

घाटमाथा | १३ जुलै, दुपारी ३:५०

काजवा, तुम्ही मार्करचं लिहिलंत आणि मी खुर्चीतून उठलो. तो वर्गात फक्त निळा मार्कर वापरतो. एकदा कुणीतरी लाल दिव्याचा लेझर पॉइंटर भेट दिला होता, तो त्याने मला देऊन टाकला, "याचा ठिपका मला सापडतच नाही" म्हणून. म्हणजे तुमचाच प्रकार.

खाडीपूल | १३ जुलै, रात्री ९:००

काजवा, मुद्दा पटला. माझी सूचना मागे घेतो. दिसणं आणि रंग दिसणं यातला फरक मी कधी केला नव्हता.

दूरदेशी | १३ जुलै, रात्री ११:१५

नागोयाहून नमस्कार. ती ठिपक्यांची पुस्तिकाही इथलीच, शिनोबु इशिहारा नावाच्या नेत्रतज्ज्ञाची, १९१७ सालची. आणि झाकूही इथलाच. दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात यावेत याचं मला काहीतरी वाटलं.

गेल्या वर्षी शिझुओकाला गेले होते. बांडाईचा गनप्लाचा, म्हणजे गंडमच्या किटचा, कारखाना त्या शहरात आहे, तामिया या दुसऱ्या किट-कंपनीचं मुख्यालयही तिथेच. शहरात एक टपालपेटी आणि एक टेलिफोन बूथ किटच्या सुट्या तुकड्यांसारखे चौकटीत अडकवून उभे केले आहेत. पेटी मात्र खरी आहे, मी त्यातून आईला पत्र टाकलं. तिथल्या दुकानात रंगांच्या बाटल्यांवर आकडे ठळक आणि नावं बारीक असतात. काजवांचं वाचून आज कळलं की ते आकडे काहींसाठी किती मोलाचे असतील.

तांबडी माती | १४ जुलै, सकाळी १०:२०

आता रंगकामाकडे येतो. वीस-बावीस किट रंगवली आहेत, त्या अनुभवावर सांगतो.

थेट झाकूवर काही मारायचं नाही. प्लॅस्टिकचे पांढरे चमचे आणा, वाण्याकडे मिळतात ते. प्रत्येक चमच्यावर प्राइमर, मग एकेक रंग. दांड्यावर मागच्या बाजूने बाटलीचा आकडा लिहा. चमच्याला खोलगट आणि फुगीर अशा दोन्ही बाजू असल्याने रंग वळणावर कसा दिसेल तेही कळतं. मग सगळे चमचे शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. जे दोन चमचे कृष्णधवलमध्ये सारखे दिसतील ते शेजारी वापरायचे नाहीत, मग रंग म्हणून कितीही वेगळे असोत.

अँड्रॉइड फोन असेल तर विकसकांसाठीच्या सेटिंगमध्ये रंगदोषाचं अनुकरण करणारी सोय असते. ती चालू केली की पूर्ण पडदा लाल-हिरवा न दिसणाऱ्याच्या नजरेने दिसतो. अचूक नसते, पण आपली मोठी चूक दाखवायला पुरेशी.

तुकडे कापताना निपर (कापायची छोटी पक्कड) दोनदा चालवायचा. पहिला काप लांबून, दुसरा जवळून. एका कापात काढलं की प्लॅस्टिक ताणून तिथे पांढरा डाग पडतो. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर ६००, शेवटी ८००. रंगवणार आहात म्हणजे त्यापुढे जायची गरज नाही, प्राइमरला थोडी खरखर हवीच असते. सगळं झाल्यावर भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात धुवा आणि एक रात्र वाळवा. साच्यातून सुटावं म्हणून तेलकट पदार्थ लावलेला असतो आणि आपल्या बोटांचं तेल वेगळंच. तो राहिला तर महिन्याभराने रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

आणि मास्क. सुती नव्हे, साधा डॉक्टरी नव्हे. मोटारीचे रंगारी वापरतात तो दोन काडतुसांचा, वाफा शोषणारा. लॅकरची वाफ फुप्फुसाला आणि डोक्याला दोन्हीला वाईट. घरात लहान मूल असेल तर लॅकर सोडा आणि पाण्यात पातळ होणारे ॲक्रिलिक वापरा, मी अगदी आग्रहाने सांगतो.

घाटमाथा | २० जुलै, रात्री १०:००

चमचे झाले. अठरा चमचे. गडद निळे पाच, फिकट निळे सहा, राखाडी तीन, पिवळे चार. फोटो टाकलेत, साधा आणि कृष्णधवल दोन्ही. काजवा, तुम्ही जरा बघाल का?

काजवा | २१ जुलै, सकाळी ८:००

बघितले. फोनवरचा रंग आणि खरा रंग यात फरक पडतोच, तरी सांगतो.

गडद निळ्यांपैकी दुसरा आणि तिसरा उत्तम. पाचवा जांभळट असावा असं तुमच्या यादीत दिसतंय, मला तो दुसऱ्यासारखाच दिसतो. जांभळा हा रंग मला निळाच असतो.

फिकट निळ्यांत एक मोठी अडचण आहे. चार नंबरचा चमचा आणि राखाडीतला एक नंबरचा चमचा मला एकच आहेत. अगदी एकच. मी फोन तिरका करून पाहिला, चष्मा पुसून पाहिला.

घाटमाथा | २१ जुलै, सकाळी ८:४०

चार नंबर तर मला सगळ्यांत आवडला होता! जुन्या डब्यांच्या पट्ट्याशी तोच जुळतो. किंचित हिरवट छटा आहे त्यात.

काजवा | २१ जुलै, सकाळी ९:१५

ती हिरवट छटाच कारण आहे. निळा आणि हिरवा यांच्या मधोमध एक जागा अशी येते जिथे आम्हाला रंगच लागत नाही, राखाडी दिसतं. मोरपिशी म्हणतात तो रंग मी साड्यांच्या दुकानात कधीच ओळखू शकलो नाही, बायकोला दर वेळी "करडी का घेतेस" विचारायचो. तुमचा फिकट निळा स्वच्छ निळ्याकडे न्या. एक नंबरचा चमचा घ्या, तो आकाशासारखा दिसतो.

तांबडी माती | २१ जुलै, दुपारी १२:१०

एक नंबर घ्या, पण त्यात पांढरा वाढवा. कृष्णधवल फोटोत तो गडद निळ्यापासून अजून लांब जायला हवा. डब्याच्या मूळ रंगाशी तंतोतंत जुळवण्याचा हट्ट सोडा. डबा बघणाऱ्याला जसा आठवतो तसा दिसला की झालं.

घाटमाथा | २१ जुलै, रात्री १०:३०

ठरलं तर मग. अंग गडद निळं. छातीवर आणि ढालीच्या मधोमध फिकट निळा पट्टा. नळ्या आणि सांधे धातूसारखे चंदेरी. डोळा मुळात गुलाबी आहे, तो पिवळा.

एक गोष्ट अजून सुचली आहे. गाडीच्या शेवटच्या डब्यावर मागे मोठी पिवळी फुली असते. ती दिसली की स्टेशनवरच्या माणसाला कळतं की गाडी अख्खी गेली, मागे काही सुटलं नाही. ती फुली झाकूच्या पाठीवरच्या पेटीवर काढणार. समोरून बघणाऱ्याला दिसणार नाही. हातात घेऊन फिरवलं तरच.

चैत्रपालवी | २२ जुलै, सकाळी ६:५०

ही फुली वाचून सकाळ छान झाली. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, फुली सरळ काढायला सांग, तिरपी-वेडीवाकडी चालत नाही.

तांबडी माती | २२ जुलै, सकाळी १०:००

फुली ब्रशने काढू नका. उलट्या क्रमाने जा. आधी पेटीवर पांढरा, त्यावर पिवळा. पिवळा रंग गडदावर कधीच नीट बसत नाही, पाच हात मारले तरी खालून निळा डोकावतो. पिवळा पूर्ण वाळला की मास्किंग टेपच्या दोन मिमीच्या पट्ट्या कापून फुलीच्या आकारात चिकटवा, नखाने कडा दाबा, आणि वरून निळा. टेप काढताना वर ओढायची नाही, स्वतःवरच दुमडून हळूहळू मागे न्यायची.

चंदेरी रंगाखाली चकचकीत काळा थर द्या. धातूची खोली त्या काळ्यामुळे येते.

खाडीपूल | २२ जुलै, रात्री ११:००

ओलाव्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. लॅकर उडताना पृष्ठभाग थंड पडतो. हवा दमट असेल तर तिथे बारीक पाणी जमतं आणि थरात अडकतं, मग रंगावर धुक्यासारखी पांढरी साय दिसते. निळ्यावर तर फारच दिसते. पाऊस पडत असताना मारू नका. खोलीत तासभर एसी चालवून हवा कोरडी करा, कंप्रेसरला पाणी अडवणारी वाटी लावा, आणि सावकाश उडणारा, रंग समतल करणारा थिनर वापरा. हवेचा दाब मी १५ ते २० पीएसआयच्या मध्ये ठेवतो.

घाटमाथा | ४ ऑगस्ट, रात्री १२:२०

साय आली.

सगळं नीट चाललं होतं. निळा बसला, फुली सुरेख आली, कडा ब्लेडने कापल्यासारख्या. शेवटचा मॅट थर मारताना घाई केली. बाहेर पाऊस नुकताच थांबला होता, मला वाटलं उघडलंय. दोन्ही मांड्या आणि ढाल दुधाळ झाली. तीन आठवड्यांचं काम आहे हे. आता पूर्ण खरवडायचं का?

खाडीपूल | ४ ऑगस्ट, सकाळी ६:३०

हात लावू नका! खरवडायचं काही नाही. दोन दिवस कोरड्या खोलीत, डब्यात झाकून ठेवा. मग एसीच्या खोलीत, कोरड्या हवेत, त्यावर चकचकीत क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, एक पातळ ओला थर द्या. तो खालचा थर थोडा विरघळवतो आणि अडकलेला ओलावा सुटतो. बहुतेक वेळा साय पूर्ण जाते. त्यानंतर, वाळल्यावर, मॅट.

घाटमाथा | ७ ऑगस्ट, रात्री ९:४५

गेली. खाडीपूल, तुमचे उपकार विसरणार नाही.

आणि यातून एक चांगली गोष्ट हाती लागली. चकचकीत थर दिल्यावर ढाल अंगापेक्षा एकदम वेगळी दिसायला लागली. रंग तोच, पण मांडी उजेड पिऊन टाकते आणि ढाल परत फेकते. म्हणून ढालीवर मॅट मारलाच नाही. अंग मॅट, ढाल चकचकीत, नळ्या धातूच्या. फोटो कृष्णधवल केला तरी तिन्ही वेगळे दिसतात.

काजवा | ८ ऑगस्ट, सकाळी ७:४०

हे फार योग्य केलंत. मी वस्तू ओळखताना चमक आधी बघतो. पिकलेला टोमॅटो मला रंगावरून कळत नाही, कातडीच्या तकाकीवरून आणि बोटाने दाबून कळतो. तुमच्या मित्रालाही ती सवय असणार.

तांबडी माती | ८ ऑगस्ट, सकाळी ११:३०

दोन सूचना. कवचावरच्या खाचांच्या रेषांमध्ये गडद रंग सोडणार असाल तर तो इनॅमलचा असतो. आतला सांगाडा एबीएस प्लॅस्टिकचा आहे, उघड्या एबीएसवर तो पातळ रंग झिरपला की तुकडा ताणाखाली तडकतो. तेव्हा फक्त क्लिअर थर असलेल्या बाहेरच्या कवचावर, आणि थेंब अगदी छोटा. मॅटवर तो पसरून डाग पडतो, म्हणून मॅट मारलेल्या भागांवर आता सोडू नका, ढालीपुरतंच ठेवा.

दुसरं, मित्र हे नुसतं कपाटात ठेवणार नाही, हातपाय हलवणार. गुडघ्याच्या आतली बाजू आणि खांद्याचं कवच जिथे घासतं तिथे रंग निघेल. जोडण्याआधी तिथला रंग पॉलिश पेपरने उतरवून टाका. तिथे प्लॅस्टिक दिसलं तरी चालतं, बाहेरून कळत नाही. पापुद्रा निघाला तर मात्र कळतं.

घाटमाथा | २४ ऑगस्ट, रात्री १०:१५

झाला पूर्ण. चार बाजूंनी फोटो टाकलेत. ढालीवर पिवळ्या पाटीवर काळ्या आकड्यांत त्याच्या भुसावळच्या क्वार्टरचा नंबर लिहिलाय, स्टेशनच्या नावाच्या पाटीसारखा. फोटोत तो नंबर झाकला आहे, समजून घ्या.

दूरदेशी | २५ ऑगस्ट, पहाटे ४:३०

मी हा फोटो फार वेळ बघत बसले. आपल्याकडचा डबा आणि इथला झाकू. पाठीवरची फुली दिसल्यावर तर लहानपणीचा फलाट आठवला, गाडी गेल्यावरचा.

चैत्रपालवी | २५ ऑगस्ट, सकाळी ७:००

बाबांनी फुली पास केली.

घाटमाथा | १६ सप्टेंबर, रात्री ११:५०

मंडळी, काल वास्तुशांत झाली. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

जेवणं झाल्यावर दिलं. कार्ड नव्हतं, काजवांनी सांगितल्याप्रमाणे. त्याने खोकं उघडलं, झाकू बाहेर काढला आणि काही बोलला नाही. खिडकीपाशी गेला. ढाल उजेडात इकडून तिकडे फिरवली. मग अंगठा मांडीवरून फिरवला, मग ढालीवरून. "दोन्ही निळंच आहे ना?" एवढं विचारलं. मी हो म्हटलं. "आणि हा पट्टा आकाशी." हे त्याने विचारलं नाही, सांगितलं.

मग पाठ फिरवली. फुली दिसली. "शेवटचा डबा," म्हणाला, आणि तसाच वडिलांकडे घेऊन गेला.

काका आता सत्तरीचे आहेत. त्यांनी चष्मा लावून फुली पाहिली, क्वार्टरचा नंबर पाहिला, तो मोठ्याने वाचला. आणि मग विचारलं, "मागचा दिवा कुठे आहे? रात्री फुली कोणाला दिसणार?" शेवटच्या डब्याला लुकलुकणारा लाल दिवा असतो. मला तो माहीत होता, मी मुद्दाम ठेवला नव्हता. लाल होता म्हणून. काय उत्तर द्यावं ते मला सुचेना.

मित्रच म्हणाला, "लाव की. लालच लाव. मला अंधुक दिसतो, पण तो लुकलुकतो ना. लहानपणी मी बाबांना त्यावरूनच सांगायचो, गाडी गेली म्हणून."

तर आता पुढचा प्रश्न. पाठीवरच्या पेटीत फुलीखाली जागा थोडीच आहे. लुकलुकणारा छोटा लाल दिवा तिथे कसा बसवायचा? सर्किट वगैरे मला काही येत नाही.

तांबडी माती | १७ सप्टेंबर, सकाळी ८:१०

सर्किटची गरज नाही. आपोआप लुकलुकणारा ३ मिमीचा लाल एलईडी मिळतो, चिप त्याच्या आतच असते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दहा दुकानांत विचारा, पाच-दहा रुपयांच्या वर जाणार नाही. तीन व्होल्टचा बटण सेल पेटीत मावणार नाही, तो स्टँडच्या तळाखाली ठेवा आणि केसासारखी बारीक इनॅमल तार पायाच्या मागून वर न्या. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. भोक पाडताना मशीन नको, हाताने फिरवायचा छोटा ड्रिल घ्या. आधी १ मिमी, मग २, मग ३. फुलीच्या बाजूने टेप लावून ठेवा, ड्रिल घसरला तर रंग वाचेल.

काजवा | १७ सप्टेंबर, सकाळी ८:३०

सेकंदाला एकदा-दोनदा लुकलुकणारा घ्या. काही एलईडी फार भरभर लुकलुकतात, ते गाडीच्या दिव्यासारखे वाटणार नाहीत.

घाटमाथा | १७ सप्टेंबर, सकाळी ९:००

शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातो. त्याच्या पुढच्या रविवारी नाशिक. ड्रिल तो धरणार आहे, टेप मी.